गावाचा पाणी आराखडा आयता आलाय, ग्रामसभेत सही करायची का?

कऱ्हेकाठचा
नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्रच असतो पण आता वेळ कमी आहे म्हणून धागा काढतोय. गाव पुरंदरच्या पूर्व भागात, नाव मुद्दाम लिहीत नाही. नोकरी हडपसरला, शनिवार-रविवार गावी. वडील आणि धाकटा भाऊ शेती बघतात, साडेचार एकर, त्यात दीड एकर सीताफळ, थोडं अंजीर, बाकी वाटाणा कांदा ज्वारी जसं पाणी असेल तसं.

तर गावाचा पाण्याचा आराखडा तयार झालाय. मदतीला नेमलेल्या एका संस्थेची दोन मुलं आली होती (संस्थेचं आणि योजनेचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाची नोकरी जायला नको), शाळेसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढला, फोटो झाले, पोहे झाले, गेली. तीन महिन्यांनी ६८ पानी पीडीएफ आली व्हॉट्सॲपवर. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मंजूर करायचीय. भाऊसाहेब म्हणतात वाचून काय करताय, काम येतंय गावात, अडवू नका.

मी वाचली. ३१ व्या पानावर लिहिलंय "सदर गाव खारपाण पट्ट्यात येत असल्याने भूजल क्षारयुक्त आहे". खारपाण पट्टा! अहो तो पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला अमरावती बुलढाण्याकडे. आमच्या विहिरीचं पाणी पिऊन मी मोठा झालोय, खारट लागलेलं आठवत नाही. म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या आराखड्यातून उचललंय.

बाकी त्यात एक ताळेबंद आहे, पाऊस एवढा, वाहून जाणारं एवढं, जिरलेलं एवढं, गरज एवढी, म्हणून तूट ५०० टीसीएमच्या वर. आणि तूट भरायला सात सिमेंट बंधारे आणि ओढ्याचं खोलीकरण. आमच्या वरच्या गावानेही असाच आराखडा केलाय, ओढा तोच, त्यांचेही बंधारे. मला दोनच गोष्टी विचारायच्यात, हा ताळेबंद वाचायचा कसा, आणि दोन्ही गावांनी तेच पाणी अडवायचं ठरवलं तर बघणार कोण?

टवाळखोर
पहिला! पोहे कसे होते ते लिहिलं नाहीत, धागा अपूर्ण आहे.

खडकफोड्या
छान धागा. मी तीस वर्षं भूजलाच्या कामात होतो, आता निवृत्त. जरा लांब लिहितोय, सहन करा.

ताळेबंद अवघड नाहीये, फक्त टीसीएम हा शब्द बघून माणूस दबकतो. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर. बस, एवढ्यावर सगळं निघतं. तुमच्याकडे पूर्व भागात पाऊस ४५०-५०० मिमी, ५०० धरा. गावाचं क्षेत्र समजा हजार हेक्टर, तर वर्षाला पडलं ५००० टीसीएम, म्हणजे ५०० कोटी लिटर. आकडा ऐकून वाटतं बापरे एवढं पाणी. पण त्यातलं बहुतेक जमिनीच्या ओलाव्यात राहतं, पिकं गवत झाडं पितात, उन्हाने उडून जातं. दख्खनच्या बेसाल्टात खाली विहिरीपर्यंत पोचतं ते सातपासून फार तर तेरा टक्के, खडक कसला आहे त्यावर. मुरूम आणि मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक) असेल तर बरं, काळा पाषाण असेल तर विसरा. सरासरी १० टक्के धरलं तर ५०० टीसीएम. ही तुमची वर्षाची कमाई. वरच्यावर वाहून जातं ते वेगळं.

आता खर्च. गाव दोन हजार लोकांचं असेल तर माणशी रोज ५५ लिटरने (जल जीवन मिशनचा आकडा) वर्षाला साधारण ४० टीसीएम. ऊस हेक्टरी २० टीसीएमच्या आसपास पितो, म्हणजे दोन हेक्टर, पाच एकर ऊस म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी. हे मी गावोगावी फळ्यावर लिहायचो, लोक गप्प व्हायचे, मग कोणीतरी म्हणायचं साहेब चहा घ्या.

तर तुमच्या आराखड्यात तीन गोष्टी बघा. एक, खरिपाची बाजरी, मूग वगैरे गरजेत धरलीय का. ती पावसाच्या ओलाव्यावर येते, तिचं पाणी विहिरीच्या खात्यावर टाकलं की तूट आपोआप फुगते. दोन, बागायत क्षेत्र कुठून आणलंय. तीन, विहिरींची पातळी खरंच मोजलीय की तालुक्याची सरासरी चिकटवलीय. तिसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे पण तुम्ही बघाच.

बे_एरिया_बंड्या
खूप इंटरेस्टिंग. एक सुचवू का, प्रत्येक विहिरीत वॉटर लेव्हल सेन्सर टाकायचा, सोलरवर चालतो, डेटा थेट क्लाउडला. ॲप मी करून देतो फुकटात. रिअल टाइम दिसेल सगळ्या गावाला.

मिरची_कांदा
@बंड्या दादा आमच्याकडे विहिरीवरनं मोटारची केबल कापून नेतात तांब्यासाठी, तुमचा सेन्सर किती दिवस राहील?

सीताफळवाली
मी शेजारच्याच तालुक्यातली, आमच्या गावच्या पाणीपुरवठा समितीत आहे पाच वर्षं. समितीत निम्म्या बायका हव्यात असा नियम आहे म्हणून घेतलं मला, पहिल्या दोन वर्षांत फक्त सहीपुरतं बोलवायचे. पुढे पाणी तपासायचं किट आलं तेव्हा गावातल्या पाच जणींना शिकवलं, तेव्हापासून आमच्या हातात काहीतरी आलं.

कऱ्हेकाठचा भाऊ, रांगोळीच्या नकाशाला तुमच्या घरातल्या कोणी बायका होत्या का? आमच्याकडे मुलं सकाळी अकराला आली, त्या वेळी बायका वाटाणा तोडायला. ओट्यावर बसलेले पुरुष सांगत होते हापसा चालू आहे. तो हापसा दोन वर्षं बंद होता. त्यांना कसं कळणार, पाणी ते भरतच नाहीत. आणखी एक, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच होते. ती खरी घ्यायला लावा, तिथे हे पान नंबर ३१ मोठ्याने वाचून दाखवा.

कागदी_घोडा
मी पंचायत समितीत काम करतो (कुठल्या ते विचारू नका) त्यामुळे दुसरी बाजू. ती मुलं वाईट नसतात. एकेका पोराकडे वीस-पंचवीस गावं, पगार तुटपुंजा, आराखडा अपलोड करायची तारीख डोक्यावर. साचा वरून येतो, रकाने भरायचे. मग शेजारच्या गावाचं कॉपी करून नाव बदलतात, आणि एखाद्या पानावर बदलायचं राहतं. तुमच्याकडे विदर्भ आला, मी एका आराखड्यात खाडीचं खारं पाणी वाचलंय, समुद्रापासून दीडशे किलोमीटरवर.

पण अडवू नका असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. ग्रामसभेला दुरुस्तीसह मंजुरी देता येते. ठरावातच लिहायचं, अमुक पान वगळून, अमुक तक्ता दुरुस्त करून मंजूर. आणि योजनेच्या पैशावरच सगळं थांबतं असं नाही, पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतला ६० टक्के बंधित होता, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा, त्यातला अर्धा पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठी. 'आमचा गाव आमचा विकास'च्या आराखड्यात बसवलं तर विहिरी मोजायचा टेप घ्यायला मंत्रालयात जावं लागत नाही.

दिंडोरीकर
तुमचा दुसरा प्रश्न, दोन गावं एकच पाणी अडवतात त्याचं काय, तोच खरा प्रश्न आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही.

आमच्याकडे नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर नव्वदच्या सुमारास ओझरला पाणीवापर संस्था सुरू झाल्या, समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे त्यामागे. आधी कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांना पाणी पोचतच नव्हतं. म्हणून त्यांनी हिशोब शेपटापासून सुरू केला. पाणी मोजून घनमीटरवर घ्यायचं, पट्टी संस्थेने भरायची, आत कोणाला किती ते संस्थेने ठरवायचं. पुढे चोवीस संस्थांनी मिळून अख्खा प्रकल्प चालवायला घेतला. २००५ चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला त्याच्या मागे असे अनुभव आहेत.

पण हे धरणाच्या पाण्याचं झालं. तिथे दार आहे, दाराला चावी आहे, चावी कोणाकडे हे माहीत असतं. ओढ्याला दार नसतं. वरच्या गावाने ओढा खोल केला तर तुमच्याकडे पाणी का आलं नाही हे सिद्ध कसं करणार?

खडकफोड्या
दिंडोरीकर, अगदी. आणि त्याहून वाईट म्हणजे आराखड्यांत 'अपधाव' नावाचा रकाना असतो, म्हणजे वाहून जाणारं पाणी, आणि ते सगळं 'वाया जाणारं' समजून अडवायचं ठरवतात. वाया कुठे जातं? कऱ्हेत जातं, कऱ्हेतून नाझरे धरणात, नाझऱ्याचं पाणी जेजुरी पितं. धरण बांधलं तेव्हाच ते पाणी हिशोबात धरलेलं आहे. वरच्या दहा गावांनी शंभर शंभर टक्के अडवायचं ठरवलं तर एकच पाणी अकरा वेळा वाटलं.

राज्यात पाण्याचं नियोजन नाही असं नाही. चितळे आयोगाने १९९९ मध्येच खोरं आणि उपखोरं धरून विचार करा म्हणून सांगितलं. २००५ ला जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, पुढे गोदावरी कृष्णा तापी नर्मदा आणि कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्या अशा पाच खोऱ्यांचे आराखडे जोडून राज्याचा एकात्मिक आराखडा झाला. तो वरून येतो. गावाचा खालून जातो. मधे जिनाच नाही! भूजलवाल्यांनी राज्याचे दीड हजारांवर पाणलोट पाडलेत, तुमचा पाणलोट भीमेचा म्हणून त्याच्या नंबराच्या आधी बीएम असतं. पण त्या पाणलोटाला ना सरपंच ना ग्रामसभा ना बँक खातं. पैसा येतो गावाच्या शिवेवर, आणि पाणी शीव बघून वाहत नाही.

टवाळखोर
शीव बघून वाहत नाही पण मतदारसंघ बघून वाहतं असं ऐकलंय.

नगरी_बाणा
+१ टवाळखोर. जायकवाडीचं बघा. २०१४ चा प्राधिकरणाचा आदेश आहे, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून सोडायचं. आमच्याकडे शेतकरी चिडतो, मराठवाड्यातला म्हणतो आमच्या हक्काचं. मी नगरचा असून म्हणतो, आदेशात दोष असतील पण निदान आकडा आहे, तारीख आहे. भांडायला काहीतरी धरायला आहे. ओढ्यावर तेही नाही.

मिरची_कांदा
सगळं ठीक आहे पण माझा आक्षेप नोंदवतो. हे सगळे ताळेबंद शेवटी एकाच जागी येऊन थांबतात, शेतकऱ्याने काय लावायचं नाही. कांदा लावू नका ऊस लावू नका बोअर घेऊ नका. मी ४०० फूट बोअर घेतली, सव्वादोन लाख गेले, पहिल्या दोन कोरड्या गेल्या त्यांचे वेगळे. पाणी लागलं म्हणून पोरीचं शिक्षण होतंय. आता हजार हेक्टरचा हिशोब मांडून मला सांगणार तू जास्त ओढतोस. शहरात लोक गाड्या धुतात रोज, त्यांचा ताळेबंद कुठे आहे? आमच्याकडे तर पुरंदर उपसा योजनेतून पुण्याने वापरून सोडलेलं मुळा-मुठेचं पाणी वर चढवून देतात, ते आम्ही शेताला घ्यायचं आणि वर आम्हालाच काटकसर शिकवायची.

सीताफळवाली
मिरची_कांदा, शहराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तुमची बोअर ४०० फुटांवर आहे आणि तुमच्या शेजारणीची विहीर ४० फुटांवर. तिची मार्चात आटते. तिने कोणाला विचारायचं?

मिरची_कांदा
ते मला माहीत आहे ताई. शेजारीण म्हणजे माझी चुलतीच आहे. म्हणून तर रात्री झोप येत नाही.

खडकफोड्या
हे लिहायला धाडस लागतं, मिरची_कांदा.

कायद्याचं सांगतो. राज्याच्या भूजल कायद्यात (२००९ चा, अंमलात आला २०१४ ला) ६० मीटरच्या खाली म्हणजे साधारण २०० फुटांखाली गेलेली ती खोल विहीर, आणि शेतीसाठी, कारखान्यासाठी ती घ्यायची नाही. पिण्याच्या सार्वजनिक स्रोताच्या ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको हे तर १९९३ च्या कायद्यापासून आहे. किती ठिकाणी पाळतात ते तुम्हीच बघताय. कायद्याने हे होत नाही, जिथे झालंय तिथे गावाने आपसात ठरवलं म्हणून झालं. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात रणदुल्लाबाद, तिथे ग्रामसभेने बोअर बंद केली, विहिरीवर भागवतात. हिवरे बाजारला दरवर्षी पावसाळ्यानंतर ताळेबंद गावासमोर मांडतात आणि त्यावर रब्बीत काय ते ठरतं, पाऊस कमी तर जास्त पाण्याचं पीक नाही, सगळ्यांनाच नाही.

आणि तुमच्या तालुक्यातलंच नायगाव कसं विसरता! १९७२ चा दुष्काळ बघून विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे इंजिनियर कारखानदार तिथे गेले, १९७४ ला देवस्थानची ४० एकर माळजमीन घेतली आणि तिथून पाणी पंचायत उभी राहिली. नियम काय होते? पाणी जमिनीवर नाही माणसावर, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही. ऊस नाही. पन्नास वर्षं झाली. एका ताळेबंदी सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना दाखवा मला.

जांभादगड
तुमच्या ५०० मिमीच्या गप्पा ऐकून हसू पण येतंय आणि रडू पण. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्याकडे ३००० च्या वर पडतो आणि मे महिन्यात वाडीवर टँकर. जांभा म्हणजे चाळण, पावसाळ्यात भरतं, दिवाळीपर्यंत झऱ्यातून निघून जातं. आराखड्याचा साचा मात्र तोच, नाला खोलीकरण. आमचा ओढा खोल करून काय मिळणार, समुद्रात लवकर पोचेल एवढंच. आम्हाला झरा कुठून भरतो ते शोधून तिथलं रान राखायला मदत हवीय, आणि दिवाळीनंतर वनराई बंधाऱ्याला सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. तेवढा रकाना साच्यात नाही.

बे_एरिया_बंड्या
सेन्सरची थट्टा झाली, ठीक आहे, चूक माझी. @कऱ्हेकाठचा तुम्ही निरोपातून पाठवलेला तक्ता मी एक्सेलमध्ये घातला. कांदा १६० हेक्टर दाखवलाय, ६० सेंटीमीटर पाणी धरून ९६० टीसीएम. गावात खरंच १६० हेक्टर कांदा आहे का? कारण त्याच पानावर विहिरी आणि त्यांचं भिजणारं क्षेत्र दिलंय, त्याची बेरीज तेवढी होतच नाही.

कऱ्हेकाठचा
थांबा थांबा. १६० हेक्टर म्हणजे ४०० एकर. अख्ख्या गावात एवढं ओलीत नाही हो, कांदा तर सोडाच. भावाला फोन केला. तो म्हणाला त्या पोरांनी विचारलं कांदा किती, लोकांनी एकरात सांगितलं, आपल्याकडे हेक्टर कोण बोलतं! त्यांनी एकराचा आकडा हेक्टरच्या रकान्यात टाकला.

बे_एरिया_बंड्या
मग तो ६४ हेक्टर, पाणी ३८४ टीसीएम. ५७६ टीसीएमचा फरक फक्त एका रकान्यात. म्हणजे ५०० च्या वरची तूट होती ती सगळी यातच गेली.

खडकफोड्या
वा बंड्या! वा! अमेरिकेतून एकर-हेक्टरची चूक पकडली, तुम्हाला पुरंदरचं अंजीर माझ्याकडून. (जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे २०१६ ला, साधंसुधं समजू नका.)

पण कऱ्हेकाठचा, लगेच तूट नाही म्हणून नाचू नका. ३८४ कांदा, ४० पिण्याचं, वर जनावरं, सीताफळ अंजीर, कमाई ५०० ती पण बऱ्या वर्षाची. पाऊस ३०० वर आला की खेळ संपला. आणि सात बंधाऱ्यांचं बघा, आपल्याकडे असा बंधारा दहा टीसीएमच्या आतलाच असतो. त्यांच्याच हिशोबाने ५०० ची तूट सात बंधारे कशी भरणार होते? तूट कोणी बघितलीच नव्हती, बंधारे आधी ठरले होते.

आता एक काम करा. आराखडा बाजूला ठेवा आणि या रविवारी विहिरी मोजा. ऑक्टोबरची वेळ गेली, हरकत नाही, भूजल खातंही जानेवारी मार्च मे ऑक्टोबर अशी चारदा मोजतं, जानेवारी चालेल. टेपला टोकाला नटबोल्ट बांधा. मोटार निदान रात्रभर बंद हवी. आणि कठडा वजा करा! जमिनीपासून पाणी किती खाली ते हवंय, कठड्यापासून नाही. निम्म्या गावांच्या नोंदी त्या अडीच फुटाने चुकतात.

कऱ्हेकाठचा
मंडळी, रविवारी मोजल्या. वीस झाल्या, बाविसाव्याला मालकाने हटकलं (एकविसावी बुजलीय). मी, भाऊ, शाळेतली चार पोरं आणि गावातले एक आजोबा, ज्यांनी तरुणपणी निम्म्या विहिरी खोदल्यात. पोरं टेप सोडायची आणि आजोबा आधीच सांगायचे "दीड परस असंल". परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढी खोली, पोरांना माहीत नव्हतं, मग एकाला हात वर करून उभं केलं आणि टेप लावली. सात फूट भरला. मग आजोबांचं उत्तर गुणून बघायचा खेळच सुरू झाला, वीसपैकी बारा ठिकाणी एक-दीड फुटाच्या आत बरोबर. कबुतरं फडफडून उडाली की पोरं टेप सोडून पळायची ते वेगळं.

हाती काय लागलं तर ओढ्याच्या पूर्वेकडच्या विहिरींत पाणी बरंच वर आहे आणि पश्चिमेकडे, दोनशे मीटरवर, जवळजवळ तळाला. आजोबा म्हणाले पश्चिमेला पहारीला ठिणगी उडते, काळा पाषाण, तिथे आम्ही सुरुंग लावून खाली गेलो पण झरा फक्त एका कपारीतून. आणि आराखड्यातले सातपैकी तीन बंधारे नेमके त्या पश्चिमेच्या फाट्यावर. वर पूर्वेकडे जुने दोन पाझर तलाव आहेत, बहात्तरच्या दुष्काळात रोजगारावर खोदलेले, माझी आजी तिथे पाटी उचलायला होती, ते गाळाने भरलेत. त्यांचा आराखड्यात उल्लेख "अस्तित्वातील संरचना : २" एवढाच.

खडकफोड्या
हे वाचून डोळे भरून आले, खोटं सांगत नाही. तीस वर्षं मी विहिरीत टेप टाकली पण बरोबर विहीर खोदणारा माणूस क्वचित असायचा. आजोबांना माझा नमस्कार सांगा. तीन बंधारे सोडा, गाळ काढा. हजार हेक्टरला पातळी एक मीटर चढली तर साधारण २०० टीसीएम मिळतात, खडकात दोनच टक्के जागा असते पाण्याला, हे ग्रामसभेत सांगा, लोकांना मीटर कळतो टीसीएम कळत नाही.

कागदी_घोडा
आणि कोरम बघा. १०० किंवा मतदारांच्या १५ टक्के, जे कमी असेल ते. कोरम नाही झाला तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. पाच माणसांत आराखडा मंजूर होण्याची वाट ती. लोक आणा.

सीताफळवाली
बायका आणा. लोक आपोआप येतात.

कऱ्हेकाठचा
उशीर झाला लिहायला, ऑफिसात महिनाअखेर होती.

२६ ला कोरम झाला नाही, झेंडावंदन झालं आणि जिलेबी खाऊन लोक घरी. सभा तहकूब. पण आदल्या दिवशी महिलांची सभा सरपंच ताईंनी खरंच घेतली, चाळीसेक बायका होत्या, माझ्या वहिनीने पान ३१ वाचलं तेव्हा हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला म्हणे. त्यातल्या पंचवीस-तीस जणी मग तहकूब सभेला आल्या.

ठराव असा झाला. खारपाण पट्टा वगळला. कांद्याचं क्षेत्र दुरुस्त. पश्चिमेचे तीन बंधारे वगळून त्या जागी दोन पाझर तलावांचा गाळ. इथे कंत्राट कोणाला याची चर्चा झाली पाऊण तास, ती लिहीत नाही. वर्षातून चारदा विहिरी मोजायच्या आणि शाळेच्या भिंतीवर रंगवायच्या, हे एकमताने, कारण फुकट आहे. बोअर बंदीचा विषय मी काढला, तो पडला. विरोध कोणी केला नाही, सगळ्यांनी फक्त खाली बघितलं. संस्थेचा मुलगा आला होता, मला वाटलं चिडेल, तो बाहेर येऊन म्हणाला दादा ती मोजणीची वही मला द्या ना, माझ्याकडे बाकीची बावीस गावं आहेत, तिथे दाखवतो.

वरच्या गावाचं : दोन्ही सरपंच आणि आम्ही नऊ जण ओढ्यात जाऊन उभे राहिलो. ते खोलीकरण थांबवणार नाहीत, मशीन लागलंय म्हणाले. पण मुरूम संपेल तिथे थांबायचं, खडक फोडायचा नाही, एवढं कबूल केलं, तोंडी. आणि त्यांच्याही दहा विहिरी मेमध्ये आमच्याच दिवशी मोजायच्या. कागद काही नाही याचा. दिंडोरीकर म्हणतात तसं दार नाही, चावी नाही.

दिंडोरीकर
तोंडी असलं तरी तारीख ठरली ना, बास. मेची मोजणी दोन्ही गावांची एकाच वहीत लिहा, वेगवेगळ्या नको.

मिरची_कांदा
मी बोअरला मीटर बसवायचं म्हणतोय. बंड्या, स्वस्तातला कुठला घ्यावा? केबल चोरांना न दिसणारा.

बे_एरिया_बंड्या
निरोप करतो. क्लाउड नको, आकडे फिरणारा साधाच घ्या.

टवाळखोर
कठडा वजा केला होता का पण?

कऱ्हेकाठचा
केला. सतरा विहिरींना कठडाच नाहीये, ते वेगळं काम निघालं.